दवाखाना की पडवी?

रिमवर्ल्ड या व्हिडिओ गेममधल्या तुमच्या वसाहतीच्या दवाखान्यात आठ खाटा टाकूनही जखमा चिघळतात म्हणताय, पण तुम्ही टाकलेल्या फोटोत खाटांच्या पायथ्याशी खाटकाचं टेबल दिसतंय की हो! आमच्याकडे देवगडात बांगडे साफ करायचे ते मागच्या पडवीत, बाळंतिणीच्या खोलीत नव्हे. त्या एका टेबलामुळे खोलीची स्वच्छता पार तळाला जाते, आणि जखम बांधताना खोली घाण असली की जंतुसंसर्ग वाढतो. आधी ते हलवा.

मग जमीन. उघडी माती चालणार नाही. निर्जंतुक फरशीला संशोधन लागतं आणि दर फरशीला 12 चांदी जाते, म्हणून खोली लहानच ठेवा, चार खाटा पुरे. आणि ती वाटेत नको! माझ्या पहिल्या वसाहतीत शेतावरून येणारा जो तो दवाखान्यातून चिखल तुडवत जेवायला जायचा. दाराचा रस्ता बदलला तेव्हा कुठे फरक पडला.

औषधाचं म्हणाल तर साध्या जखमांना झाडपाल्याचं द्या, 60 टक्केच प्रभावी असलं तरी भागतं. कारखान्याचं औषध शस्त्रक्रियेला राखून ठेवा.

रुग्णाच्या तब्येतीवर नजर ठेवणारा मॉनिटर खाटांना चिकटून हवा, एकावर आठ खाटा भागतात. त्याला वीज लागते, तेवढी बॅटरी छपराखाली घ्या. पावसात भिजली की शॉर्टसर्किट. हे तरी कोकणातल्या माणसाला सांगायला नको, आमचा इन्व्हर्टर गेल्या जूनमध्ये असाच गेला.