पुण्यातला लक्ष्मी रोड गाड्यांना कायमचा बंद करायचा का? पेठवाल्यांनी, दुकानदारांनी, सगळ्यांनी बोला

पायी_पुणेकर
सरळ मुद्द्यावर येतो. लक्ष्मी रोडचा उंबऱ्या गणपती चौक ते गरुड गणपती चौक हा पट्टा रोज, निदान सकाळी ११ ते रात्री ९, खासगी गाड्यांना बंद झाला पाहिजे. ११ डिसेंबर २०२१ ला महापालिकेने पादचारी दिन म्हणून हाच पट्टा बंद ठेवला होता, लोकं रस्त्याच्या मधोमध निवांत चालत होती, आजीआजोबा हात सोडून चालत होते, आणि दुसऱ्या दिवशी परत तेच हॉर्न. तेव्हा "मेट्रो कुठाय" हे उत्तर ठीक होतं. आता सप्टेंबर २०२४ पासून कसबा पेठ आणि मंडई दोन्ही स्टेशनं चालू आहेत, मंडईला उतरलं की तुळशीबाग हाकेच्या अंतरावर. मग आता कशाची वाट बघतोय?
आज कुंटे चौकातून चालून बघा. दुकानाच्या पायऱ्या फुटपाथवर, त्यापुढे विजेचा डीपी, त्यापुढे साडी नेसवलेला पुतळा, त्यापुढे पथारी, त्यापुढे लावलेल्या टूव्हीलर, आणि आपण पिशव्या छातीशी धरून पीएमपीच्या आरशाला खांदा लागेल इतक्या जवळून चालतोय. शहराचा इतका जुना बाजार आणि त्यात ग्राहकालाच उभं राहायला जागा नाही.

कापडदुकान_तिसरीपिढी
एक दिवस बंद ठेवला की जत्रा भरते, रोजचा धंदा वेगळा असतो. आमच्याकडे बस्ता बांधायला सासवड, शिरूर, भोरवरून माणसं येतात, एका लग्नाची दहा-पंधरा जणं, त्यात गुडघे दुखणाऱ्या आत्या, मावशी, आणि परत जाताना गठ्ठे. ते शहराबाहेर गाडी लावून मेट्रोने येणार आणि गठ्ठे डोक्यावर घेऊन मंडईपर्यंत जाणार? ते सरळ हायवेवरच्या मोठ्या शोरूमला जातील, तिथे दारात पार्किंग आहे. मंडईजवळची पार्किंगं शनिवार-रविवारी भरलेली असतात हे सगळ्यांना माहितीये. आधी पार्किंगची सोय करा, मग बंद करा. उलट्या क्रमाने केलं तर गिऱ्हाईक जाईल आणि गेलेलं गिऱ्हाईक परत येत नाही.

पायी_पुणेकर
दादा, बस्त्याचा मुद्दा खरा आहे, त्याला पिकअपची वेळ आणि जागा ठरवून देता येईल, विश्रामबागवाड्याच्या बाजूला किंवा केळकर रोडवर. पण पी-१ पी-२ च्या (सम-विषम तारखांच्या पार्किंगच्या) बोर्डाखाली दिवसभर हलत नाहीत त्या गाड्या बस्तेवाल्यांच्या नाहीत. सकाळी दुकानं उघडायच्या आधीच त्या लागलेल्या असतात, म्हणजे कोणाच्या ते तुम्हीच सांगा. एका कारच्या जागेत किती गिऱ्हाईकं उभी राहतील?

दिल्लीत_सध्या
चांदणी चौक बघून सांगतो. २०२१ मध्ये लाल किल्ला ते फतेहपुरी मशीद रस्ता नव्याने केला, लाल दगड, बसायला कट्टे, सकाळी ९ ते रात्री ९ मोटारगाड्या बंद. चालायला खरंच छान झालंय. पण सायकलरिक्षा आणि हातगाड्यांची गर्दी तीच, आणि पहारा ढिला पडला की टूव्हीलर आत शिरतातच. दगड बसवणं एका वर्षाचं काम आहे, नियम पाळून घेणं रोजचं. त्या रोजच्या कामाला माणूस आणि पैसा कोण देणार हे आधी विचारा.

वाड्यातली_सून
सगळे दुकानं आणि गिऱ्हाईकांबद्दल बोलताय, वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांचं काय? आमचा वाडा बंद करायच्या पट्ट्याला लागूनच. सासूबाई ८० च्या पुढच्या, आठवड्यातून दोनदा डायलिसिस, रिक्षा दाराशी आली नाही तर त्यांना उचलून न्यायचं का? लक्ष्मी रोड बंद केला की ते सगळं ट्रॅफिक कुमठेकर आणि केळकर रोडवर येणार, तिथून आमच्या बोळात. तुमचा रस्ता शांत आणि आमच्या खिडकीखाली हॉर्न.
दुसरं, जे मला जास्त लागतं. डिझाइनच्या चित्रांमध्ये दिवे, बाकडी, कुंड्या असतात, मागचा वाडा मात्र कधीच दिसत नाही. आमची एक भिंत टेकू लावून उभी आहे. दर पावसाळ्याआधी धोकादायक वाड्याची नोटीस येते. मालक म्हणतो एवढ्याशा भाड्यात दुरुस्ती परवडत नाही, भाडेकरू म्हणतो एकदा बाहेर पडलो की परत घेतील याची खात्री नाही, आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत. शनिवारवाड्याजवळ तर १०० मीटरच्या आत नवीन बांधकामच करता येत नाही, पुढच्या २०० मीटरमध्ये परवानग्या. मग एकेक घर सोडून जातं आणि वरच्या मजल्याचं गोडाऊन होतं. रात्री ९ नंतर तुमच्या त्या सुंदर रस्त्यावर चालणार कोण? पेठेत माणसं राहिली तर पेठ, नाहीतर नुसतं मार्केट. आधी वाड्यांचं बघा, फरशा नंतर बसवा.

पायी_पुणेकर
ताई, डायलिसिसला रिक्षा, ॲम्ब्युलन्स, रहिवाशांच्या गाड्या यांना पास हवाच, त्यावर वाद नाही. वाड्यांचं म्हणणंही मनापासून पटतं. पण वाड्यांचा प्रश्न भाडे कायदा, मालकी, वारसांच्या कोर्टकेसेस यात अडकलाय, तो सुटेपर्यंत रस्ता थांबवला तर आणखी वीस वर्षं दोन्ही होणार नाही. आणि हॉर्न-धुरामुळेही माणसं पेठ सोडतायत ना?

वाड्यातली_सून
हॉर्नमुळे कोणी सोडलेलं मी तरी पाहिलं नाही. जिना मोडला म्हणून, संडास सामाईक म्हणून सोडलेली घरं मात्र आमच्याच बोळात आहेत.

ढोल_ताशा_पेठ
एक गोष्ट कोणी बोललंच नाही. विसर्जनाची मिरवणूक मंडईतल्या टिळक पुतळ्यापासून लक्ष्मी रोडनेच अलका चौकात जाते, मानाचे पाचही गणपती इथूनच. पक्के बोलार्ड (गाड्या अडवायचे खांब), सिमेंटच्या कुंड्या, मध्येच लावलेली झाडं असलं काही केलं तर रथ जाणार कुठून? जे काही लावाल ते काढता येणारं हवं. आणि मांडवांच्या दहा दिवसांचा वेगळा विचार करा, नकाशा काढणाऱ्याने एकदा अनंत चतुर्दशीला रात्रभर इथे उभं राहावं.

तुळशीबाग_पथारी
सुशोभीकरण म्हटलं की पहिली गाडी अतिक्रमणवाल्यांची येते, आमच्यासाठी. २०१४ चा फेरीवाला कायदा सांगतो की आधी शहर फेरीवाला समिती, तिच्यात आमची माणसं, मग तिने सर्वेक्षण करायचं, आणि मगच जागा ठरवायची. कानातले, पिना, रांगोळीचे छाप घ्यायलाच बायका तुळशीबागेत येतात आणि मग आत दुकानात जातात. आम्हाला काढलंत तर दुकानांचंही नुकसान आहे.

कापडदुकान_तिसरीपिढी
पथारीवाल्यांशी आमचं भांडण आहे, पण हे शेवटचं वाक्य खरंय.
मी विरोधासाठी विरोध करत नाही. ट्रायल घ्यायची तर तीन महिने घ्या, एक दिवस नको. माल उतरवायचे टेम्पो सकाळी १० पर्यंत आत सोडा, आणि फायदा झाला की तोटा ते दुकानांच्या बिलांवरून ठरवा, फोटोंवरून नको. आषाढात सुरू करा, लग्नसराई नसते.

पायी_पुणेकर
टेम्पो १० पर्यंत मान्य, बिलंही मान्य. पण आषाढात बाजार तसाच थंड असतो, वर पाऊस, आकडे वाईटच येणार आणि मग म्हणाल बघा गिऱ्हाईक गेलं. जानेवारीत घ्या.

कापडदुकान_तिसरीपिढी
जानेवारीत लग्नं असतात. ऐन सीझनमध्ये आमच्यावर प्रयोग नको.

वाड्यातली_सून
महिना कुठलाही धरा, पण आमचे पास कसबा-विश्रामबागवाडा क्षेत्रीय कार्यालय देणार की ट्रॅफिक पोलीस, हे सुरू व्हायच्या आधी लेखी हवं. आणि रात्री-अपरात्री रिक्षा लागली तर बॅरिकेड उघडायला तिथे माणूस असणार का, तेही त्याच कागदावर लिहा.