नव्या सर्जन पोरांनी 'ग्लोबल सर्जरी'च्या रिसर्चमागे लागावं का?

तापीकाठचा सर्जन (शहादा)
स्पष्टच लिहितो, राग आला तर येऊ द्या. हल्ली एमएसचा, म्हणजे सर्जरीच्या पदवीचा, निकाल लागला की पोरं फोन करतात, सर ग्लोबल सर्जरीत (गरीब, दुर्गम लोकांना ऑपरेशन कसं मिळेल याचा अभ्यास) रिसर्च करायचाय, हेल्थ इक्विटीत (सगळ्यांना सारखा इलाज मिळावा यासाठी) काम करायचंय, बोस्टनसारख्या ठिकाणी फेलोशिप कुठे मिळेल. अरे बाबा, आधी रात्री दोन वाजता फुटलेलं आतडं एकट्याने निस्तरायला शिक की. 2015 ला लॅन्सेट या मेडिकल जर्नलने नेमलेल्या कमिशनचा रिपोर्ट आला, जगात 500 कोटी लोकांना वेळेवर, सुरक्षित, परवडणारं ऑपरेशन मिळत नाही, वर्षाला 14.3 कोटी ऑपरेशनं कमी पडतात, सगळं मान्य. पण ती कमी पडलेली ऑपरेशनं पेपर लिहून होणारेत का? आपल्या धडगावकडच्या अक्राणीतल्या माणसाला हर्निया आहे हे बोस्टनला बसून कशाला सिद्ध करायचं, इथे ओपीडीत उभा राहा, दिसेल. पहिली काही वर्षं हात बसायची असतात, ती एक्सेल शीट भरण्यात गेली की माणूस ना धड सर्जन ना धड संशोधक.

रात्रपाळी (धुळे, सरकारी बाँडच्या नोकरीवर)
सर, आदर ठेवून बोलतो. हात बसला पाहिजे यात वाद नाही, पण तो हात काय करतो हे कुणीतरी मोजायला नको का? 2022 ला चीताह नावाची ट्रायल (पेशंटवर करून बघितलेला अभ्यास) आली, सात देश, त्यात भारत पण, तेरा हजारांवर पेशंट. पोट शिवायच्या आधी सगळ्यांनी ग्लोव्हज बदलायचे आणि शिवायला वेगळी ठेवलेली इन्स्ट्रुमेंट घ्यायची, बस एवढंच, तर जखमेचं इन्फेक्शन 18.9 टक्क्यांवरून 16 वर आलं. त्याच्या आदल्या वर्षी फाल्कन ट्रायल आली, तिच्यात दिसलं की ट्रायक्लोसान हे जंतुनाशक लावलेला महागडा धागा आणि कातडी साफ करायचं अल्कोहोलवालं क्लोरहेक्सिडिन यांनी साध्या धाग्यापेक्षा, साध्या पोव्हिडोन आयोडीनपेक्षा काही जास्त फायदा होत नाही. म्हणजे आपल्या स्टोअरमध्ये जे आहे ते चालतं! हे कुणी मोजलं नसतं तर एमआरने (औषध कंपनीच्या माणसाने) येऊन तुमच्या टेबलावर तो धागा ठेवलाच असता आणि बिल गेलं असतं पेशंटच्या नावावर.

तापीकाठचा सर्जन
ठेवलाय त्याने, दोनदा. पण या दोन्ही ट्रायलची सूत्रं कुठून हलली सांग ना, इंग्लंडातल्या बर्मिंगहॅमवरून. कापूस वेचायचा आपण आणि जिनिंग दुसऱ्याची. तुमच्यासारखी पोरं फॉर्म भरतात आणि शंभर नावांच्या यादीत बारीक अक्षरात कुठेतरी छापून येतात. ही कसली इक्विटी?

दोंडाईचाकर
सर तुम्ही शहाद्यात बसून हे लिहिताय याचं नवल वाटतं, दोंडाईचा काय लांब आहे का तुमच्यापासून. डॉ. रवींद्रनाथ टोणगांवकर सरांनी हर्नियाच्या ऑपरेशनात आत शिवतात त्या कंपनीच्या जाळीऐवजी मच्छरदाणीचं कापड निर्जंतुक करून वापरलं, दोंडाईचात, धुळे जिल्ह्यात, आणि बाकी ठिकाणच्या सर्जनांना सोबत घेऊन 2003 ला इंडियन जर्नल ऑफ सर्जरीत छापलं. पुढे स्वीडन आणि युगांडाच्या लोकांनी तशाच जाळीची रँडमाइज्ड ट्रायल (चिठ्ठ्या टाकल्यासारखे पेशंट दोन गटांत वाटून) केली युगांडात, 2016 ला न्यू इंग्लंड जर्नलमध्ये आली, 302 पेशंट, वर्षभरात मच्छरदाणीवाल्या गटात एकाचाच हर्निया परत आला आणि कंपनीच्या जाळीवाल्यांत कुणाचाच नाही, म्हणजे फरक नसल्यातच जमा. आणि किंमत एक डॉलर विरुद्ध सव्वाशे डॉलरच्या आसपास. आता याला ग्लोबल सर्जरी नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं?

तापीकाठचा सर्जन
अरे हेच तर मी म्हणतोय! ते आधी सर्जन होते. गावात बसून पेशंट बघता बघता त्यांना प्रश्न पडला, फेलोशिपच्या अर्जातला रकाना भरायचा म्हणून नाही.

दोंडाईचाकर
पण त्यांनी लिहिलं ना सर! नुसतंच करत राहिले असते तर ते दोंडाईचातच राहिलं असतं. आपल्या खानदेशच्या तीन जिल्ह्यांत चांगल्या युक्त्या करणारे सर्जन काय कमी आहेत का, पण विचारलं तर "माझ्या हातात चांगले रिझल्ट आहेत" याच्यापुढे काही सांगता येत नाही, फॉलोअप नाही, रजिस्टर नाही, परत त्रास झालेला पेशंट दुसऱ्याच डॉक्टरकडे गेला म्हणून आपले रिझल्ट चांगले. मला खरं टोचतं ते हे, की सुरुवात इथे झाली तर मोठी ट्रायल इथे का झाली नाही. उत्तर सोपं आहे. तेव्हा इथे ट्रायल कशी करायची हे शिकलेली तरुण पोरं नव्हती, आणि आज कुणी शिकायला निघालं तर आपण त्याला म्हणतो आधी हात बसव.

सीव्हीवाला
😂 एवढं भारी काही नसतंय. पेपर लिहितात सीव्हीसाठी. थिसिस कशी होते सगळ्यांना माहितीय, शेवटच्या महिन्यात सिनियरच्या फाइलमधले आकडे इकडचे तिकडे. इक्विटी हा शब्द टाकला की परदेशातला प्रोफेसर मेलला उत्तर देतो, एवढाच उपयोग.

भूलवाली ताई (जळगाव)
सर्जन सर्जन काय लावलंय मघापासून? त्या कमिशनने लाख लोकांमागे 20 तज्ज्ञ सांगितले ते सर्जन, भूलतज्ज्ञ आणि स्त्रीरोगतज्ज्ञ मिळून. सर्जन बसलाय हात धुऊन आणि भूल द्यायला कुणी नाही म्हणून केस पुढे पाठवली, हे तालुक्याला कुणी पाहिलं नाही असं मला सांगू नका.

दुसरं म्हणजे इथले प्रश्न इथल्याच माणसाला पडतात हे सरांचं म्हणणं मला पटतं, पण त्यातून रिसर्च करू नका हे कसं काय निघतं? सिकलसेलचंच घ्या, रक्ताचा आनुवंशिक आजार. सातपुड्यातल्या भिल्ल, पावरा लोकांत तो आहे हे सगळ्यांना माहिती. अशा पेशंटला थंडी वाजू द्यायची नाही, कोरडा पडू द्यायचा नाही, ऑक्सिजन खाली जाऊ द्यायचा नाही, पायाला टुर्निकेट (रक्त थांबवायचा पट्टा) बांधायच्या आधी दहादा विचार करायचा. पण इमर्जन्सीला टेबलावर आलेल्या किती जणांचा सिकलचा रिपोर्ट माझ्या हातात असतो? कित्येकदा नातेवाईकांनाच माहीत नसतं, नाहीतर कार्ड घरी पत्र्याच्या पेटीत. हा प्रश्न बर्मिंगहॅमला पडणार नाही. तो त्या रात्रपाळीवाल्या पोराला पडायला पाहिजे, आणि पडला तर त्याला नाउमेद नका करू.

केळीवाला (रावेर)
डॉक्टर लोकं, मी आपला शेतकरी माणूस, मधेच बोलतो. भो, तुमनं इंग्रजी माले समजस नही, पण एक सांगतो. आमच्या गड्याचं ऑपरेशन जनआरोग्य योजनेत फुकट झालं, खरंच फुकट, एक रुपया घेतला नाही. पण गाडीभाडं, सोबत दोन माणसं, त्यांचं जेवण, दोघांची मजुरी बुडाली, घरी बकऱ्या विकल्या. हे कुणी लिहितं का तुमच्या पेपरात?

रात्रपाळी
काका, लिहितात. त्याच रिपोर्टात आहे, ऑपरेशन आणि भुलेच्या खर्चाने वर्षाला 3.3 कोटी लोकांचं कंबरडं मोडतं, आणि प्रवास, जेवण असा वरखर्च धरला की अजून 4.8 कोटी. पण रावेरच्या बकऱ्यांचा हिशोब कुणी केला नाही हे खरंय.

पाड्यावरचा एमओ (मेडिकल ऑफिसर, धडगाव)
ड्युटीवर होतो, आत्ता वाचलं. तुमच्या कमिशनचा अजून एक मापदंड आहे, सीझर, पोटाचं ऑपरेशन आणि उघड्या फ्रॅक्चरचा इलाज हे तिन्ही दोन तासांच्या आत मिळालं पाहिजे. छान आहे. पण दोन तास कुठून मोजायचे? 108 निघाली तिथून का पेशंट घरून निघाला तिथून? आमच्याकडे पाड्यावरून डांबरी रस्त्यापर्यंत माणूस बांबूच्या झोळीत येतो, पुढे गाडी, आणि पावसात चांदसैली घाटात दरड आली की मग काय, फेरा मारून जा. नर्मदेच्या काठच्या गावांना आधी बोट.

रेफरची चिठ्ठी कधी नीट बघितली का तुम्ही शहरातल्यांनी? तारीख असते. वेळ असली तर आम्ही पाठवल्याची, तीही घाईत 4 का 9 कळत नाही. दुखायला कधी लागलं, घरून कधी निघाले, रस्त्याला कधी लागले, काहीच नाही. तिकडे ओटी रजिस्टरात नाव, वय, निदान, ऑपरेशन, सर्जन, भूल. गावाचं नाव असतं, पाड्याचं नसतं, आणि आमच्याकडे एका गावाचे दोन पाडे डोंगराच्या दोन बाजूंना असतात. मग नकाशावर सरळ रेघ मारून कुणीतरी छापतं की एवढे टक्के लोक दोन तासांत पोचतात. तुमच्या त्या ग्लोबल पोरांनी एवढं केलं तरी पुष्कळ, की इथे येऊन आमच्यासोबत चिठ्ठीवर या तिन्ही वेळा, दुखायला लागल्याची, घरून निघाल्याची, रस्त्याला लागल्याची, लिहायला लावायच्या. पीजीच्या पोरांना तसंही डीआरपीत (डिस्ट्रिक्ट रेसिडेन्सी प्रोग्राम) तीन महिने जिल्हा रुग्णालयात काढावे लागतात. बरेच जण ते दिवस मोजत काढतात, त्यांना हे काम द्या.

तापीकाठचा सर्जन
हा माणूस कामाचं बोलला.

फेलोशिपबद्दल माझं मत तेच आहे. आधी दोन-तीन वर्षं पोटं उघडा मग बोस्टनला जा. पण चिठ्ठीवर तीन वेळांचे रकाने छापायला खर्च काय येतो, एक शिक्का बनवला तरी होतं. तिकडून माझ्याकडे येणारे पेशंट असतातच, माझं रजिस्टर मी देतो, पेशंटची नावं झाकून. रात्रपाळी, एथिक्स कमिटीचे कागद तू कर, ते माझ्याने होणार नाही. अट एकच, पेपरवर पहिलं नाव धडगावच्या एमओचं.

रात्रपाळी
सर कागद मी करतो, डेटा पण मीच भरतो. पण पहिलं नाव... फेलोशिपच्या अर्जात फर्स्ट ऑथर असलेला एक पेपर मागतात हो.

तापीकाठचा सर्जन
बघा. आली का गाडी सीव्हीवर.

सीव्हीवाला
😂😂 मी काय म्हणत होतो

भूलवाली ताई
सर, त्याच्यावर हसू नका, काम तोच करणारे ना. दोघांची नावं बरोबरीने पहिली टाकता येतात, खाली तशी टीप देतात. आणि सिकलच्या रिपोर्टचा चौथा रकाना त्या चिठ्ठीवर टाकणार असाल तर मी पण आहे.

पाड्यावरचा एमओ
नाव कुठेही टाका. शिक्का कधी पाठवताय ते सांगा, पावसाळ्याच्या आधी पाहिजे.