सायबर सुरक्षेवर व्याख्यानं पुरे, शाळांत फोरम थिएटर आणा

कोथरूडची शिक्षिका
दरवर्षी शाळेत सायबर सुरक्षेवर व्याख्यान होतं. ओटीपी देऊ नका, अनोळखी लोकांशी बोलू नका, टाळ्या, मधली सुट्टी. यंदा आठवीसाठी आम्ही फोरम थिएटर केलं. ब्राझीलच्या आगुस्तो बोआल यांची ही पद्धत: प्रसंग वाईट वळणावर संपतो, मग पुन्हा सुरू होतो आणि प्रेक्षकांतलं कुणीही ‘थांबा’ म्हणून पात्राची जागा घेतं.

आमच्या नाटकात गेमच्या चॅटवर भेटलेला ‘दादा’ एका मुलीकडून फोटो मिळवतो आणि तो वर्गाच्या ग्रुपवर टाकण्याची धमकी देऊन आणखी मागतो. एक मुलगी उठली, म्हणाली, “ब्लॉक करते.” नटाने लगेच दुसऱ्या नावाने रिक्वेस्ट पाठवली. ती गप्पच झाली. एक मुलगा म्हणाला, “सगळं चॅट डिलीट करतो.” मागून कुणीतरी ओरडलं, “अरे, मग पोलिसांना दाखवणार काय?” हे मुलांचं मुलांना सुचलं. महापालिकेच्या शाळांतही हे व्हायलाच हवं.

हिंजवडीचा बाबा
अजिबात पटलं नाही. अमेरिकेत १९८३ मध्ये लॉस एंजेलिसला ‘डेअर’ हा व्यसनविरोधी कार्यक्रम सुरू झाला. पोलीस वर्गात यायचे, मुलांकडून प्रसंगही करून घ्यायचे. तो मुलांना आवडायचा, पालकांनाही. पुढच्या अभ्यासांत मात्र व्यसनांवर टिकाऊ परिणाम दिसला नाही. नाटक रंगलं म्हणजे सवय बदलली असं नाही. इन्स्टाग्रामला वयाची अट १३ वर्षांची आहे, आणि चौथीतल्या मुलाला खोटं जन्मसाल टाकून खातं उघडून देतात ते आपणच. आधी ते थांबवा.

सदाशिव पेठेतला नाटकवाला
बाबा, ‘डेअर’सारखं ‘नाही म्हणायला शिका’ असं घोकून घेणं वेगळं आणि समोरचा नट ऐकत नाही तेव्हा पुढे काय करायचं हे शोधणं वेगळं. मोहन आगाशे यांनी बर्लिनहून ग्रिप्स हा बालनाट्याचा प्रकार पुण्यात आणला त्याला आता जवळपास चाळीस वर्षं होतील. मुलांच्या खऱ्या प्रश्नांवरची नाटकं इथल्या प्रेक्षकाला नवी नाहीत. पण फोरम चालवणारा तयारीचा हवा. दोन तालमींत बसवून स्नेहसंमेलनात उरकायचा हा प्रकार नव्हे.

समुपदेशक, हडपसर
माझा विरोध वेगळ्या कारणासाठी आहे. पीडित मुलीच्या जागी एकेक मूल जातं आणि ‘योग्य’ उत्तर देतं. याचा अर्थ काय होतो? तिने नीट वागलं असतं तर हे टळलं असतं! सभागृहात जिच्यावर सध्या हेच गुदरतंय अशी एखादी मुलगी बसलेली असू शकते. ती घरी काय घेऊन जाईल? शिवाय ती बोललीच, तर पॉक्सो या बाल लैंगिक अत्याचारविरोधी कायद्यानुसार (२०१२) पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. किती शिक्षकांना हे ठाऊक आहे?

कोथरूडची शिक्षिका
हा मुद्दा सगळ्यांत महत्त्वाचा आहे. म्हणूनच दुसऱ्या फेरीत त्या मुलीची जागा घ्यायला बंदी होती, फक्त मैत्रीण किंवा आई बदलायची. आई झालेल्या पहिल्या मुलाचं पहिलं वाक्य, “फोन दे इकडे!” सगळा हॉल हसला, कारण घरोघरी हेच ऐकू येतं. ‘मुलगी’ खोलीत निघून गेली, नाटक तिथेच अडलं. मग एक अबोल मुलगा उठला, तिच्या शेजारी बसला आणि म्हणाला, “मी रागावणार नाही. दाखव.”

प्रयोगानंतर एक समुपदेशक दिवसभर शाळेत होत्या. १०९८ हा मुलांच्या हेल्पलाइनचा क्रमांक फळ्यावर होता. ‘टेक इट डाउन’ सेवेची माहितीही दिली. अठराच्या आतल्यांचे असे फोटो पसरू नयेत म्हणून ती फोटो न मागता त्याची फक्त डिजिटल खूण घेते, हे ऐकल्यावर मुलांचे प्रश्न थांबेनात.

समुपदेशक, हडपसर
पीडितेची जागा घ्यायची नाही, हे मान्य. पण समुपदेशक एकच दिवस का? मुलं दोन-तीन आठवड्यांनीही बोलायला येतात. ती सोय नसलेल्या शाळेत प्रयोग करू नये, यावर मी ठाम आहे.

हिंजवडीचा बाबा
‘फोन दे इकडे’ आमच्याही घरात चालतं. तरी मुलांवर परिणाम होतो, हे तुम्ही अजून दाखवलेलं नाही. सहा महिन्यांनी त्याच वर्गाला विचारा, कुणी कुणाला काही सांगितलं का. आणि पुढचा प्रयोग पालकसभेत लावा. आई-बाबांनाच उठवा मंचावर. मी येतो.