मदत हवी आहे: लांब उडी पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच फोटोत कशी आणायची?

नमस्कार मंडळी,

साताऱ्यातून लिहितोय. माझी पुतणी आठवीत आहे, लांब उडी मारते, सध्या साडेचार मीटरच्या आसपास. तिच्या खोलीत ललिता बाबर यांचा फोटो लावलाय. त्या आमच्याच जिल्ह्यातल्या, माण तालुक्यातल्या मोहीच्या. २०१६ ला रिओत ३००० मीटर स्टीपलचेसची (अडथळ्यांच्या शर्यतीची) फायनल धावल्या. त्या फोटोशेजारी पुतणीची उडी लावायची आहे: फळीवरचा पाय, हवेतली पोरगी, वाळूत टेकणाऱ्या टाचा, सगळं ओळीनं एकाच चित्रात. शिवाय सर म्हणतात, ती उतरताना पाय लवकर खाली सोडते. नुसतं सांगून तिला ते कळत नाही, दिसायला हवं.

माझ्याकडे जुना डीएसएलआर कॅमेरा आहे, सेकंदाला पाच फ्रेम (फोटो) घेतो. गेल्या रविवारी शाळेच्या मैदानावर कॅमेरा हातात धरून, तिच्याबरोबर फिरवत फोटो काढले. गिंप या फोटो एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये एकावर एक ठेवले तर मागे अजिंक्यताऱ्यावरचा टॉवर तीन ठिकाणी उगवला! मग प्रत्येक फ्रेममधून तिला कात्रीनं कापल्यासारखं कापून काढलं. दोन रात्री गेल्या. वेणी तुटक दिसते, बुटांखालची सावली गेली, पोरगी चिकटवल्यासारखी वाटते. मधेच ढग आल्यानं एक फ्रेम काळपट आहे ती वेगळीच.

हवेतल्या फ्रेम तीनच मिळतात. नवा कॅमेरा घ्यावा लागेल का? येत्या रविवारी पुन्हा सराव आहे, कृपया सांगा.

प्रतिसाद

दादा, कॅमेरा बदलू नका, कापणं थांबवा. मी सांगलीत कबड्डीचे आणि अ‍ॅथलेटिक्सचे फोटो काढतो, सुरुवातीला मीही असंच कापत बसायचो.

सगळी मेख मैदानावर आहे. ट्रायपॉड लावा, खड्ड्याच्या बरोबर बाजूला, फळीपासून वाळूपर्यंत सगळं मावेल इतकं लांब. कॅमेरा हलवायचाच नाही, ती फ्रेममधून जाईल. मोड एम (म्हणजे मॅन्युअल, उजेडाची सेटिंग आपोआप बदलत नाही), शटर १/१००० सेकंद किंवा त्याहून वेगवान, व्हाइट बॅलन्स (रंगछटेची सेटिंग) ऑटोवरून काढा, फळीवर फोकस करून तो मॅन्युअल करा. ढग आला तर थांबा. शेवटी कुणी नसलेला एक रिकामा फोटो घ्या, हा विसरू नका.

आता मागचा टॉवर प्रत्येक फ्रेममध्ये जागच्या जागी राहील, म्हणून वेणी कापायची गरजच नाही. रिकामा फोटो खाली, बाकीचे फोटो वेगवेगळ्या थरांत (लेयर) वर, प्रत्येकाला काळा मास्क, म्हणजे तो थर झाकणारा पडदा; पांढरं रंगवलं तिथं तो उघडतो. मऊ ब्रशनं पांढरं रंगवत तिला उघडा, आजूबाजूची माती आणि सावलीसकट, ऐसपैस. माती मातीवरच पडते, सांधा दिसत नाही.

तीन फ्रेम कमी नाहीत. ती सेकंदाला साडेसहा मीटरनं जात असेल तर पाच फ्रेमच्या हिशेबानं दोन आकृत्यांत १.३ मीटर अंतर पडतं. वीस फ्रेमचा कॅमेरा असता तर हातपाय एकमेकांत गुंतले असते आणि निम्म्या फ्रेम टाकाव्या लागल्या असत्या. फक्त दुसऱ्या उडीतली फ्रेम यात घुसवू नका. चित्र देखणं होईल, पण सरांना दाखवायला खोटं.

धागाकर्ता

दादा, मनापासून आभार. रविवारी सकाळी तुम्ही सांगितलं तसंच केलं, अर्ध्या तासात चित्र तयार. टॉवर एकच! सावल्याही आल्या.

पुतणी बराच वेळ तिसऱ्या आकृतीकडे बघत होती. मग म्हणाली, "काका, इथं माझे पाय आधीच लोंबतायत." सर महिनाभर हेच सांगत होते. भिंतीवर लावायचा फोटो तिनं थांबवलाय, पाय सुधारले की पुन्हा काढायचा म्हणते.

एकच अडचण राहिली: वाळूचा फवारा मास्कमध्ये अर्धवट कापल्यासारखा दिसतो. तिथं ब्रश आणखी मोठा घेऊ का?