जुन्या लुगड्याचा कापड-फलक : कापड चिकटवावे की ताणून बांधावे?

प्रश्न : कपाशीकाठ (जिल्हा वर्धा)

आमच्या घरी लग्नपत्रिका, वीजबिले, कापसाच्या काटापट्ट्या आणि मुलांनी काढलेली चित्रे दाराच्या फळीमागे खोचलेली असतात आणि हवी ती नेमक्या वेळी सापडत नाही. म्हणून ओसरीच्या भिंतीवर दोन फूट बाय तीन फुटांचा, कापड मढवलेला फलक करावा असे ठरवले. कापड म्हणून आजेसासूबाईंचे सुती लुगडे घ्यावे अशी इच्छा आहे. ते मधोमध विरले आहे. पण काठ आणि पदराकडचा भाग अजून धड आहे.

सराव म्हणून आधी साध्या सुती कापडावर दोन प्रयोग केले आणि दोन्ही फसले. पहिल्या खेपेस थर्माकोलच्या पाटीवर चपलांना लावतात ते रबरी सोल्यूशन फासले, तेव्हा थर्माकोल जागोजागी विरघळून खड्डे पडले. दुसऱ्या खेपेस खोक्याच्या पुठ्ठ्यावर पांढऱ्या फेव्हिकॉलने कापड चिकटवले. उन्हाळाभर ते उत्तम राहिले, परंतु श्रावणात पुठ्ठा वाकला आणि कापडाला पोटे सुटली. लुगडे एकदाच कापता येणार असल्याने तिसरी चूक परवडणारी नाही. सासूबाई तर म्हणतात, "कापायचेच असेल तर गोधडी शिव, निदान अंगावर तरी येईल." कृपया अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

उत्तर १ : गादीवाले काका (जिल्हा यवतमाळ)

ताई, आपली पहिली चूक रसायनाची आहे. रबरी सोल्यूशनमधील द्रावक थर्माकोलला खातो, त्यामुळे तेथे दुसरे काही घडणेच शक्य नव्हते. दुसरी चूक हवेची आहे, कारण पांढरा गोंद ओलीत मऊ पडतो आणि पुठ्ठाही तीच ओल पितो. माझे स्पष्ट मत असे की फलकाच्या दर्शनी बाजूला गोंदाचा थेंबही लावू नये.

पाया म्हणून १२ मिलिमीटर जाडीचा सॉफ्ट बोर्ड घ्यावा. तो लाकडाच्या लगद्याचा असल्याने टाचणी सहज शिरते. नुसत्या प्लायवर टाचणी ठोकावी लागते. त्याच्या पाठीस ६ मिलिमीटरचा प्लाय बसवावा, म्हणजे तो वाकणार नाही. २४ बाय ३६ इंचांच्या फलकास ३० बाय ४२ इंचांचे कापड लागते. लुगड्याचा पन्हा साधारण ४५ इंच असतो, तेव्हा काठ आडवा ठेवायचा की उभा, हे आपल्या मनावर आहे. कापड पाठीमागे वळवून स्टेपल गनने ठोकावे. वरच्या कडेचा मध्य, मग खालच्या कडेचा मध्य, नंतर डावा आणि उजवा मध्य, आणि तेथून समोरासमोर कोपऱ्यांकडे सरकत जावे. एका कोपऱ्यापासून सुरुवात केल्यास काठ तिरपा ओढला जातो आणि तो नंतर कधीही सरळ होत नाही. पिना प्लायच्या जाडीहून लांब नसाव्यात.

उत्तर २ : सुईदोरा (जिल्हा भंडारा)

काकांच्या पायाबद्दल दुमत नाही, पण विरलेल्या लुगड्यात स्टेपल ठोकण्यास माझा विरोध आहे. ताण पडताच प्रत्येक पिनेपासून कापड उसवू लागेल, आणि पुढे ते धुवायला काढायचे म्हटले तर चिंध्याच हाती येतील.

त्याऐवजी लुगड्याच्या तुकड्याला मागून मांजरपाटाचे अस्तर लावावे. मांजरपाट मात्र रात्रभर भिजवून, वाळवून, इस्त्री करूनच वापरावा. लुगडे वर्षानुवर्षे धुतलेले असल्याने आता आटणार नाही, पण कोरा मांजरपाट पहिल्या ओलीतच आटतो आणि वरच्या कापडावर चुण्या उमटतात. मांजरपाट चारही बाजूंनी तीन इंच जास्त ठेवावा आणि त्याची कड दुमडून शिवावी. मग फलक पालथा घालून, जाड दोऱ्याने वरची कड खालच्या कडेशी व डावी कड उजव्या कडेशी, दीड-दीड इंचावर टाके घेत ओढून बांधावी. बाज सैल झाली की पायथ्याची सुतळी ओढून आपण ती पुन्हा ताणतो, तसाच हा दोरा पावसाळ्यानंतर ओढता येतो. सगळा ताण मांजरपाट घेतो, लुगडे फक्त वर निजलेले असते.

दुसरे म्हणजे, लुगड्यावर टाचण्या टोचूच नयेत. जाड खादीतील भोक पुष्कळदा बुजते, तलम कापडातील बुजत नाही. तिरप्या फिती एकमेकींना छेदत, चार-पाच इंचांच्या अंतराने बांधाव्यात आणि छेदांवर बटणे टाकून घ्यावीत. पत्रिका व पावत्या फितींखाली खोचता येतात. आमच्याकडे टसरच्या साड्यांना करवतीच्या दातांसारख्या नक्षीचे काठ असतात. फाटक्या साडीचा असा काठ उरला असेल, तर बाजारातल्या चकचकीत रिबिनीपेक्षा तो शंभर पटींनी शोभतो. (हा माझा पक्षपात आहे, हे मान्य करते.)

उत्तर ३ : बांबूवेडा (जिल्हा गडचिरोली)

सॉफ्ट बोर्डासाठी जिल्ह्याच्या गावी जाणे जमत नसेल, तर बांबूचे दोन तट्टे आडवे-उभे एकमेकांवर शिवून त्यावर जुन्या घोंगडीचा थर देता येतो. फितींचाच फलक करायचा असल्याने टाचणी शिरण्याची अडचण उरत नाही. तट्ट्याचा बांबू काही आठवडे पाण्यात मुरवलेला आहे का, हे बुरुडाला विचारून घ्यावे. त्याने बांबूतील पिठूळ अंश निघून जातो आणि भुंगा कमी लागतो.

उधईचाही विचार व्हावा. मातीच्या भिंतीला टेकलेला लाकडी पाया ती पहिल्यांदा गाठते. पाठीस चार कोपऱ्यांत इंचभर जाडीचे गुटके लावून फलक भिंतीपासून सुटा ठेवावा आणि खुंटीला सुतळीने टांगावा, म्हणजे मागे हवा खेळेल व महिन्यातून एकदा उतरवून पाहता येईल. मैद्याची खळ तर कुठेही वापरू नये. झुरळे व कसर यांना ते आमंत्रणच आहे.

कपाशीकाठ :

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मांजरपाट काल रात्री भिजत घातला आहे आणि सॉफ्ट बोर्ड येत्या बाजारच्या दिवशी आणणार आहे. दोऱ्याने बांधल्यास लुगडे पुन्हा सोडवता येईल, हे ऐकून सासूबाईंनी परवानगी दिली. मात्र पदर कापायचा नाही, तो गोधडीसाठी राखायचा, अशी अट घातली आहे. त्यामुळे आता काठ फलकाच्या खालच्या बाजूस आडवा येईल. सुईदोरा ताई, फितींची टोके मांजरपाटालाच शिवावीत, की प्लायला ठोकावीत?

सुईदोरा :

मांजरपाटालाच शिवाव्यात, तेही दोरा पूर्ण ताणून झाल्यावर. आधी शिवल्यास कापड ताणले जाताना फिती सरकतात आणि चौकटी वाकड्या होतात.