डॅकची चिप बदलू की घरघर कुठून येते ते आधी शोधू?

गंगावेशकर (प्रश्न)

नमस्कार. कोल्हापूरच्या गंगावेशेतील आमच्या जुन्या घराच्या माडीवर टेबलावरचा संगणक, त्याला यूएसबीने जोडलेला एक छोटा डॅक (संगणकातील डिजिटल आकड्यांचा ऐकण्याजोगा सिग्नल करणारी पेटी), तेथून आरसीए वायरीने अ‍ॅम्प्लिफायर आणि दोन बुकशेल्फ स्पीकर अशी माझी मांडणी आहे. डॅकमध्ये पीसीएम५१०२ए ही चिप आहे. अल्लादियाखाँसाहेब ज्या गावी शाहू महाराजांच्या दरबारात गायले त्या गावात राहतो म्हणून म्हणा, पण माझे ऐकणे बहुतेक जयपूर-अत्रौली घराण्याचे असते, आणि गायन सुरू होण्याआधी नुसता तंबोरा चालू असतो तो काळ मला फार मोलाचा वाटतो. नेमकी तेव्हाच स्पीकरमधून मंद घरघर ऐकू येते. ज्या मुद्रणांत गायिकेचा षड्ज सफेद पाचचा (पेटीच्या पाचव्या पांढऱ्या पट्टीचा) आहे, त्यांत ही घरघर तंबोऱ्याच्या खरजात मिसळते आणि सेकंदाला साधारण दोनदा कमी-जास्त होणारी एक लाट उठते. शिवाय माऊस हलवला की बारीक चिरचिर येते.

एका दुकानदाराने ईएस९०३८क्यू२एम चिपचा डॅक घेण्यास सुचवले, कारण तिची डायनॅमिक रेंज (सर्वांत मोठ्या आवाजापासून चिपच्या स्वतःच्या खरखरीपर्यंतचे अंतर) १२९ डेसिबल आहे आणि माझ्या चिपचे सिग्नल व खरखर यांचे गुणोत्तर ११२ डेसिबल. एकेएम कंपनीच्या एके४४९० या चिपचाही विचार मनात आहे. चिप बदलल्याने ही घरघर जाईल का?

सोल्डरचीधार

गंगावेशकर, आपण लाटेचे जे वर्णन केले आहे त्यातच निदान आहे. सफेद पाचच्या षड्जाला तंबोऱ्याची खरजाची तार ९८ हर्ट्झच्या आसपास बोलते. आपली वीज ५० हर्ट्झची, तिची दुप्पट १०० हर्ट्झ. दोहोंतला फरक २ हर्ट्झ, म्हणून सेकंदाला दोन लाटा. मूळ ५० हर्ट्झचा स्वर छोट्या स्पीकरमधून फारसा निघत नाही, त्यामुळे आपल्याला त्याची दुप्पटच अधिक ऐकू येते. म्हणजे हा आवाज विजेच्या वाटेने आलेला आहे, चिपने तयार केलेला नाही.

आता आकडे पाहू. आपल्या चिपमधून पूर्ण आवाजाला २.१ व्होल्ट मिळतात. त्याच्या ११२ डेसिबल खाली म्हणजे जेमतेम ५ मायक्रोव्होल्ट. संगणकाचा तीन पिनांचा प्लग एका बोर्डात आणि अ‍ॅम्प्लिफायरचा दुसऱ्या बोर्डात असेल, तर त्या दोन अर्थिंगमध्ये काही मिलिव्होल्टचा फरक सहज असू शकतो, आणि तो फरक भागवणारा प्रवाह यूएसबीच्या व आरसीएच्या बाहेरच्या जाळीतून वाहतो. आरसीए वायरीत जाळी हाच सिग्नलचा परतीचा रस्ता असल्यामुळे तेथे पडलेला एक मिलिव्होल्टसुद्धा थेट संगीतात मिळतो, आणि तो चिपच्या स्वतःच्या आवाजाच्या जवळजवळ २०० पट आहे. १२९ डेसिबलची चिप बसवली तरी तो मिलिव्होल्ट जागचा हलणार नाही. माऊसची चिरचिर त्याच रस्त्याने येते: संगणकाचे काम वाढले की त्याचा प्रवाह बदलतो आणि त्याच्या ग्राउंडवरची खळबळ डॅकपर्यंत पोहोचते. यूएसबीवर डेटाची पाकिटे दर मिलिसेकंदाला, आणि हाय-स्पीड या यूएसबीच्या अधिक वेगाच्या प्रकारात दर १२५ मायक्रोसेकंदाला जातात, म्हणून कधी कधी १ किंवा ८ किलोहर्ट्झची बारीक शीळही ऐकू येते.

आपण एवढेच करून पाहा. संगणकाऐवजी लॅपटॉप लावा, त्याचा चार्जर काढून ठेवा आणि तेच मुद्रण ऐका. घरघर गेली तर दोन अर्थिंग आणि वायरींच्या जाळ्या मिळून झालेले वर्तुळ (ग्राउंड लूप) सापडले. मग दोन्ही उपकरणे एकाच एक्स्टेंशन बोर्डावर आणा. एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो: अर्थिंगची पिन काढून टाकण्याचा सल्ला कोणीही दिला तरी तो ऐकू नका. घरघर जाईल खरी, परंतु पावसाळ्यात ओल धरलेल्या भिंतीच्या घरात अ‍ॅम्प्लिफायरच्या पत्र्यावर फेज आली, तर फ्यूज उडवणारी वाट आपण स्वतःच्या हाताने तोडलेली असेल.

उद्यमनगर_लेथ

वरील प्रत्येक शब्द मी पैसे मोजून शिकलो आहे. माझे घर शिवाजी उद्यमनगरला लागून आहे आणि शेजारच्या शेडमध्ये दिवसभर वेल्डिंग चालते. तीन वर्षांपूर्वी मी ईएस९०३८क्यू२एमचा स्वस्त बोर्ड मागवला. घरघर होती तेवढीच राहिली आणि वर एक सुरकन असा आवाज नव्याने आला. या चिपमध्ये एव्हीसीसी या पिनेवरचा पुरवठा हाच आउटपुटचा मापदंड असतो. त्यावर जे डगमगते ते सरळ आवाजात उमटते. माझ्या बोर्डावर त्या पिनेला सर्वांत साधा रेग्युलेटर होता. तो डाख काढून उतरवला, त्या जागी अवघ्या ०.८ मायक्रोव्होल्ट खरखरीचा एलटी३०४२ हा रेग्युलेटर बसवला आणि संध्याकाळी शेड बंद झाल्यावर ऐकले, तेव्हा तो नवा आवाज थांबला होता. घरघर मात्र यूएसबीच्या वाटेत आयसोलेटर (डेटा जाऊ देऊन विजेचा जोड तोडणारे उपकरण) लावल्यावरच गेली.

चिपच्या नावावर फार विसंबू नये, याला आणखी एक कारण आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये जपानमधील नोबेओका येथील एकेएमच्या कारखान्याला आग लागली, त्यांच्या चिपांचा तुटवडा पडला आणि अनेक उत्पादकांनी आपले आराखडे ईएसएस या कंपनीच्या (ईएस९०३८क्यू२एम तिचीच) चिपांकडे वळवले. डॅकमध्ये कोणती चिप आहे हे पुष्कळदा त्या वर्षी काय मिळत होते यावर ठरलेले असते. पुरवठा, क्लॉक आणि आउटपुटची पायरी कोणी किती काळजीने मांडली आहे, हे मी आता आधी पाहतो.

गंगावेशकर

दोघांचेही मनापासून आभार. रविवारी लॅपटॉप बॅटरीवर लावला आणि तंबोरा इतका स्वच्छ ऐकू आला की, पत्नीलाही स्वयंपाकघरातून बोलावून ऐकवला. नंतर तपासले तेव्हा कळले की अ‍ॅम्प्लिफायरचा बोर्ड वडिलांच्या काळच्या लाकडी पट्टीवरच्या वायरिंगवर आहे आणि संगणकाचा नव्या वायरिंगवर. दोन्ही प्लग एकाच बोर्डात घेतल्यावर घरघर बरीच कमी झाली, पण माऊसची चिरचिर थोडी शिल्लक आहे. आयसोलेटर कोणता घ्यावा? आणि जुन्या मुद्रणांत जी सतत सळसळ आहे, ती तरी चांगल्या चिपने जाईल का?

सोल्डरचीधार

एडीयूएम४१६० या चिपवर बांधलेला आयसोलेटर आपल्याला पुरेल. तो १२ मेगाबिटच्या वेगापर्यंतच चालतो, म्हणजे २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ ही मर्यादा समजा. आपल्या संग्रहाला ती भरपूर आहे. मात्र आपला डॅक फक्त हाय-स्पीडवरच चालणारा असेल तर तो ओळखला जाणार नाही, तेव्हा विक्रेत्याकडून परत घेण्याची कबुली आधी घ्या. डॅकच्या बाजूचे ५ व्होल्ट संगणकातून न घेता वेगळे द्यावेत, नाहीतर आयसोलेटरच्या आतल्या छोट्या कन्व्हर्टरचा आवाज नव्याने घरात येईल. डॅकला ऑप्टिकल इनपुट असेल आणि मदरबोर्डला आउटपुट, तर हा खर्चही नको. काचेच्या किंवा प्लास्टिकच्या तंतूतून वीज जात नाही, त्यामुळे वर्तुळ तेथेच तुटते.

सळसळीबद्दल: ७८ फेऱ्यांच्या तबकडीवरचा सुईचा आवाज मुद्रणातच आहे. खात्री करायची असेल तर गाणे थांबवून पाहू नका, कारण काही चिपा डेटा शून्य झाला की स्वतःच आउटपुट बंद करतात आणि आपली फसगत होते. त्याऐवजी अलीकडचे एखादे डिजिटल मुद्रण त्याच आवाजाच्या पातळीवर लावा. त्यातल्या शांत जागी सळसळ नसेल, तर आपली पीसीएम५१०२ए तिचे काम चोख करते आहे आणि ती बदलण्याचे काहीच कारण नाही.