अनुभव धागा: कोरोनात तुमच्या गावाला खरी खबर कोण द्यायचं?

खाडीकाठची
काल दुपारी भोंगा लावलेली रिक्षा वाडीत आली, घरपट्टी पाणीपट्टी भरा म्हणून सांगायला. आवाज तोच हो! २०२० मध्ये "मुंबई पुण्याहून आलेल्या ग्रामस्थांनी ग्रामपंचायतीत नोंद करावी" असं ओरडत फिरायचा तोच माणूस. सासूबाई तांदूळ निवडत होत्या, हात थांबला त्यांचा, म्हणाल्या आता परत काय आलं गो बाय.

आमचा गुहागर तालुका. जिल्ह्यातला पहिला पेशंट आमच्याच तालुक्यात निघाला मार्चमध्ये, तेव्हापासून लोकांची झोप उडालेली. रोज संध्याकाळी जिल्ह्याची प्रेसनोट यायची व्हॉट्सअपवर, पीडीएफ, तालुकावार आकडे, इतके बरे झाले इतके उपचाराखाली. पण आपल्याला हवं काय असायचं, की आपल्या वाडीत कोणी आहे का, डॉक्टर बसतात का, बीपीच्या गोळ्या संपल्यात त्या कुठं मिळतील. ते सांगायची आशाताई नाहीतर रेशन दुकानदार. आणि सुरवातीला स्वॅब मिरजेला जायचे, जून २०२० मध्ये रत्नागिरीत लॅब झाली, त्याआधी रिपोर्ट येईपर्यंत गावानं त्या घराबद्दल काय काय ठरवून टाकलेलं असायचं विचारू नका.

तुमच्याकडे कसं होतं? कोण सांगायचं, खरं काय निघालं, खोटं काय निघालं, लिहा सगळे. राजकारण नको प्लीज.

मंडणगडवाला
पीडीएफ तरी यायची तुमच्याकडे. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं आणि आमच्याकडे लाईट गेली, टॉवर गेले, रस्त्यावर झाडं, कशाचा पत्ता कशाला नाही. आमचे पत्रे शेजाऱ्याच्या बागेत आणि त्याचे कुठं गेले ते अजून माहीत नाय. मजा म्हणजे, मजा कसली, शाळेत मुंबईवाले क्वारंटाईन करून ठेवलेले आणि शाळेचंच छप्पर उडालं. आता नियम म्हणतो १४ दिवस त्यांना घरात घ्यायचं नाही आणि अर्ध्या घरांवर कौलं नाहीत, पाऊस तर धो धो. मग सहाणेवर, म्हणजे पालखी बसते त्या जागेवर, सगळे लांब लांब उभे राहून बैठक झाली, भांडणं पण झाली, शेवटी ज्यांची घरं शाबूत त्यांनी पडवी नाहीतर एक खोली द्यायची असं ठरलं. दिली पण लोकांनी. ज्यांनी मे महिन्यात गावाच्या वाटेवर बांबू आडवे टाकले होते त्यांनीच दिली.

रेंज फक्त वर सड्यावर, म्हणजे डोंगरावरच्या कातळावर, ती पण एका ठराविक खडकाजवळ. एक पोरगा सकाळी वर जायचा, गावातले चार फोन घेऊन, रिक्षाच्या बॅटरीवर चार्ज केलेले, आणि वहीत लिहून आणायचा. कोणाच्या मुलाचा मेसेज, तहसीलमधून काय निरोप, तालुक्यात पॉझिटिव्ह किती. मग देवळापाशी उभा राहून वाचायचा. एकदा निरोप आला की बाहेरच्या जिल्ह्यातून वायरमन येणार आहेत, त्यांना अडवू नका, कोरोना घेऊन येतील म्हणून काही वाड्यांनी आधीच कुजबुज सुरू केली होती. म्हातारा माझा बाप म्हणाला कोरोना आणूदे नायतर काय आणूदे, आधी लाईट आणूदे.

सुपारीवाली
मंडणगडवाला +१. आम्ही श्रीवर्धनकडचे. सुपारीच्या बागा आडव्या झाल्या त्या दिवशी, नव्यानं लावलेलं झाड फळाला यायला वर्षं लागतात. कोरोना आठवडाभर कोणाच्या तोंडातच नव्हता खरं सांगते. सगळे एकमेकांच्या घरी चढलेले, ताडपत्र्या बांधत, मास्क कुठले. नंतर लिहिते, गॅसवर भात आहे.

मालवणी_झील
चतुर्थीचा इसारलास काय सगळे? २०२० ची चतुर्थी २२ ऑगस्टाक. आमच्या गावच्या ग्रुपवर महिनाभर दोन पार्टी, एक मुंबैकार आणि एक गाववाले. आधी १४ दिवसांच्या क्वारंटाईनचा बोलणा, मगे सरकारान १० केल्यान, १२ तारखेनंतर येणाऱ्याक टेस्ट, एसटीन इलास तर ई-पास नको, स्वतःच्या गाडीन इलास तर व्हयो. ह्या सगळ्या कोणी तरी फॉरवर्ड करी आणि खाली कोणी तरी लिही "ही बातमी जुनी आसा". खरी कुठली ताच कळा नाय. शेवटी काकान थेट सरपंचाक फोन केल्यान, सरपंच म्हणालो माका पण तुमच्याच ग्रुपवरसून कळता 😂

काका येऊक नाय. व्हिडिओ कॉलवर आरती केली, रेंज गेली म्हणान परत पयल्यापासून म्हटली, गणपती पण कंटाळलो असतलो.

चिपळूणची_सून
झील 😂😂 आमचे सरपंच पण डिट्टो

आशाची_लेक
आई माझी आशा आहे, राजापूर तालुका. वर कुणीतरी लिहिलंय आशाताई सांगायची, बरोबर आहे, पण तिला कोण सांगायचं ते कोणी विचारत नाही. रात्री साडेनवाला पीएचसीच्या (प्राथमिक आरोग्य केंद्राच्या) ग्रुपवर निरोप, उद्या सकाळी ही यादी, ह्यांच्या हातावर क्वारंटाईनचे शिक्के मारलेत का बघा, ह्यांचं टेम्परेचर, यादीतली अर्धी नावं मुंबईच्या पत्त्याची आणि गावात सगळे त्यांना घरगुती नावानं ओळखतात. मग ती बसून फोन करायची, अगो हा अमका म्हणजे कोण गो, बाळाचा बाळ्या की वरच्या घरातला.

१५ सप्टेंबर २०२० ला 'माझे कुटुंब माझी जबाबदारी' हे सरकारचं घरोघरी तपासणीचं अभियान सुरू झालं तेव्हा ऑक्सिमीटर आणि ती कपाळावर धरायची गन घेऊन घर न घर. आमच्याकडे एक घर टेपावर, दुसरं पऱ्याच्या पलीकडे, म्हणजे एका वाडीला अर्धा दिवस. ऑक्सिजन ९५ च्या खाली आला की कळवायचं. आणि बायका यायच्या शेतातून, बोटं गार पडलेली, चिखलाची, मशीन ८८ दाखवायचं, त्या बाईचं तोंड पांढरं. आई हात धुवायला लावायची, चोळून गरम करायची, परत लावलं की ९७. नेलपेंट लावलेल्या पोरींचं पण तसंच. हे तिला ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं का स्वतः शिकली माहीत नाही, पण ह्यामुळे कितीतरी जण विनाकारण घाबरायचे वाचले. उलट पण व्हायचं, ताप लपवायचे लोक, कोविड सेंटरला नेतील म्हणून. तिला ओटीवर बसवून चहा द्यायचे आणि आतल्या खोलीतला खोकला ऐकू येऊ नये म्हणून टीव्ही मोठा.

आणि १५ जून २०२१ ला राज्यभरच्या आशा संपावर गेल्या तेव्हा ह्याच वाडीतले म्हणाले आत्ताच कशाला संप. मानधन हजारानं वाढलं आणि पाचशे कोविड भत्ता, हे मिळायला पण संपच करावा लागला. ताई राजकारण नको म्हणालात पण एवढं राहू दे.

खाडीकाठची
राहू दे गं, हे राजकारण नाहीच. आईला नमस्कार सांग. तो टीव्हीचा आवाज वाचून अंगावर काटा आला, आमच्याकडे मिक्सर लावायचे.

निवृत्त_ग्रामसेवक
दोन शब्द आमच्या बाजूने. पेशंटचे नाव जाहीर करायचे नाही हा नियमच होता आणि तो बरोबर होता. पण लोक कार्यालयाच्या खिडकीशी येऊन म्हणायचे नाव सांगा. नाही सांगितले तर ग्रामपंचायत लपवते, आणि कुठून तरी कळले तर त्या घराचे दूध बंद, विहिरीवर येऊ नका. एका घराला मी स्वतः सामान पोचवले आहे, गडग्यावर पिशवी ठेवायची आणि हाक मारायची.

साधने म्हणाल तर सोडियम हायपोक्लोराईट आले, पंप नाही. मग आंब्याच्या फवारणीचे पंप बागायतदारांकडून मागून घेतले, त्यांनी डिझेलसह दिले. फवारलेल्या रस्त्यांचा किती उपयोग झाला ते सोडा, तेव्हा लोकांना दिसेल असे काहीतरी करावे लागत होते. भोंग्याची रिक्षा मात्र खरोखर उपयोगी पडली. ज्यांच्याकडे साधा फोन होता त्यांना तेवढाच आधार. मजकूर लहान ठेवायचा, एका फेरीत एकच सूचना, हे आम्ही अनुभवाने शिकलो. पहिल्या दिवशी पूर्ण आदेश वाचून दाखवला होता, संदर्भ क्रमांकासकट.

चिपळूणची_सून
संदर्भ क्रमांकासकट 😂 काका तुम्ही ग्रेट आहात
आमच्याकडे त्या होमिओपॅथीच्या आर्सेनिक अल्बमच्या गोळ्या वाटल्या होत्या, पांढऱ्या साबुदाण्यासारख्या, माझ्या मुलानं बाटली एका दमात गोड म्हणून संपवली. काही झालं नाही. काहीच झालं नाही म्हणजे दोन्ही अर्थानं.

सडा_आणि_समुद्र
लसीचं कोणीच लिहिलं नाही अजून. १ मे २०२१ ला १८ ते ४४ चं सुरू झालं आणि सगळं ऑनलाईन. आमच्या पीएचसीचे स्लॉट उघडले की मिनिटात लाल. दुसऱ्या दिवशी बघतो तर पीएचसीच्या दारात सगळ्या बाहेरच्या पासिंगच्या गाड्या, आणि गावातले कठड्यावर बसून बघतायत. त्यांची पण चूक नाय, त्यांना तिकडे मिळत नव्हती. पण ज्याच्या घरात रेंज नाही त्यानं ओटीपी कुठून आणायचा? आमच्या नर्सबाई मग ४५ च्या पुढच्यांसाठी आलेल्या डोसमधून कोण राहिलं ते बघून शेजारच्या वाडीत माणूस पाठवायच्या, कुपी फोडली की चार तासात संपवायला लागते म्हणून. असं बोलावून माझ्या आजीला मिळाली, परकर वर खोचून चिखलातून आलेली, टोचून घेतली आणि म्हणाली झाला? एवढ्यासाठी?

त्यात मधेच तौक्ते चक्रीवादळ. १६ मे. परत लाईट नाही.

मालवणी_झील
तौक्ते नको काढू रे. आमचो मांगर गेलो त्यात.

हापूस_नाही_पायरी
विषय थोडा वेगळा पण २०२० ला आंबे एसटीच्या ट्रकमधनं मुंबईला गेले होते आठवतंय का? मे महिन्यात एसटीनं मालवाहतूक सुरू केली, आमच्या पेट्या बोरिवलीला. वाशी मार्केटचा भरवसा नव्हता म्हणून सोसायट्यांच्या ग्रुपवर थेट विकले, ती गिऱ्हाईकं अजून टिकून आहेत. कोरोनानं आम्हाला तेवढं दिलं.

सुपारीवाली
भात झाला. पायरीवाले दादा तुमच्याकडे ह्यावर्षी पेटी कशी? डझनाचा भाव सांगा, माझ्या नणंदेला ठाण्याला पाठवायची आहे.

हापूस_नाही_पायरी
ताई मेसेज करतो, इथे भाव टाकला की झील खाली लिहिणार महाग आसा म्हणून

मालवणी_झील
महाग आसाच